सॉरेन्टो व्हिलाची मधली भिंत

इंग्लंडातल्या मॉल्व्हर्न स्टेशनावरून टेकडी चढायला लागलं की डाव्या हाताला सॉरेन्टो व्हिला दिसतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, काय थाट आहे! मधोमध चौकोनी मनोरा, छपराच्या रुंद वळचणी, त्यांना खालून आधार दिलेले कोरीव लाकडी हात, गोल माथ्याच्या उंच खिडक्या. आत कुणी इटालियन सरदार लोडाला टेकून द्राक्षं खात बसला असावा. जवळ गेलं की कळतं, दारं दोन आहेत, घंटा दोन आहेत आणि दोन्हीकडच्या पडद्यांचं आपसात अजिबात जमत नाही.

हा सगळा उद्योग जोसाया टनिक्लिफ नावाच्या बटणांच्या कारखानदाराचा. त्याला दोन मुली. त्या एकमेकींना सोडून राहीनात, आणि जावई एकमेकांचं तोंड पाहीनात. टनिक्लिफने तोडगा काढला: बाहेरून घर एक, आतून दोन. मधे किल्ल्याला शोभेल अशी जाड भिंत घातली, म्हणजे एका जावयाचं घोरणं दुसऱ्याच्या कानी पडायला नको. इकडे जे डावीकडे ते तिकडे उजवीकडे, एवढाच काय तो दोन घरांत फरक. मनोरासुद्धा उभा चिरून वाटून दिला. एकाच्या अर्ध्या खिडकीतून वुस्टरचं कॅथीड्रल दिसतं, दुसऱ्याच्या अर्ध्या खिडकीतून सेव्हर्न नदी. आणि दोन्ही दारांच्या बरोब्बर मधे, वरच्या बाजूला, त्याने आपल्या बायकोचा दगडी मुखवटा बसवला. डोळे वटारलेले, एक डोळा या दारावर, एक त्या दारावर. जावई किती वाजता घरी येतात ते बघायला! शंभर वर्षं झाली, जावई गेले, मुली गेल्या, बटणंही गेली. बाई मात्र पहाऱ्यावर आहे. आमची अख्खी गल्ली तिला 'सासूबाई' म्हणते.

या घराच्या उजव्या अर्ध्यात सिरिल थ्रपसाहेब राहत. जन्मभर वुस्टरच्या एका दुकानात त्यांनी हातमोजे विकले. लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे, विचारायचं राहून गेलं. माणूस इतका नम्र की रस्त्यातल्या दिव्याच्या खांबाला धक्का लागला तरी आधी खांबाची माफी मागणार. हातावर नजर टाकली की मोज्याचा नंबर सांगत, आणि त्यात कधी चुकत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. निदान त्यांची स्वतःची तशी समजूत होती.

डाव्या अर्ध्यात मिस हेस्टर क्लेग. क्लेगबाईंनी नगरपालिकेच्या तलावावर दोन पिढ्यांना पोहायला शिकवलं होतं. तलाव सुटला, पण त्याचा घुमारा बाईंच्या गळ्यात राहिला. त्यांनी आपल्या मांजराला हाक मारली की गल्लीतली इतर तीन मांजरं हातचं काम सोडून हजर होत. चर्चमधली गाणी त्या स्वयंपाकघरात म्हणत, आणि टनिक्लिफची किल्ल्यासारखी भिंतसुद्धा त्यापुढे हात टेके. थ्रपसाहेबांनी कित्येक वर्षं रेडिओवरचं क्रिकेट क्लेगबाईंच्या भजनांच्या साथीने ऐकलं. तक्रार कधीच केली नाही. पुढे पुढे तर बाई गावाला गेल्या की त्यांना क्रिकेट फिकं लागायचं.

इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणी दुसऱ्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. आमच्याकडे याला चांगला शेजार म्हणतात. कुंपणावरून बोलणं व्हायचं, तेही हवेचं.

"आज उजाडलंय छान, मिस क्लेग."

"दुपारी पडणार बघा, मिस्टर थ्रप!"

झालं. दोघं आपापल्या अर्ध्यात. बाईंचा हात साडेसहा नंबरचा, एवढं मात्र साहेबांनी कुंपणावरून कधीच हेरून ठेवलं होतं.

आणखी एक गोष्ट होती, पण ती कुणालाच ठाऊक नाही असं साहेब धरून चालत. रोज झोपण्याआधी थ्रपसाहेब बुटांना पॉलिश करून ते जिन्याखालच्या कोठीत ठेवत. एकदा, फार वर्षांपूर्वी, बूट ठेवता ठेवता मधल्या भिंतीकडे बघून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "गुड नाइट, मिस क्लेग." लगेच दचकून त्यांनी मागे पाहिलं. एक छत्री तेवढी होती. त्यांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले. मग सवयच पडली. दातांना ब्रश, बुटांना पॉलिश, भिंतीला गुड नाइट.

तर त्या वर्षी मार्चमधे दोन गोष्टी घडल्या. दोन्ही इतक्या क्षुल्लक की थ्रपसाहेबांच्या लक्षातही राहिल्या नाहीत.

पहिली बुटांची. गिटिन्सबाई नावाची एक फटकळ बाई मंगळवारी साहेबांकडे आणि गुरुवारी क्लेगबाईंकडे झाडलोट करायला येई. तिने एका मंगळवारी बूट उचलून थेट मागच्या दारी नेऊन आपटले. "टेकडीवरचा सगळा चिखल कोठीत आणून साठवताय साहेब. आता एक तर हे बूट कोठीत राहतील, नाही तर मी राहीन. बोला." साहेब काय बोलणार? बूट मागच्या दारी गेले. बुटांमागोमाग गुड नाइटही तिकडे गेलं. साहेब आता ते परसातल्या पाण्याच्या पिंपाला उद्देशून म्हणू लागले. त्यांना काही फरक वाटला नाही.

दुसरी गोष्ट सासूबाईंची. शंभर वर्षांच्या धुराड्यांनी ती अगदी कोळशासारखी झाली होती. साहेबांना वाटलं, हिला न्हाऊ घालावं. शिडी लावली, साबण आणि ब्रश घेऊन चढले, आणि घासत घासत नाकाच्या शेंड्यापर्यंत आले. तिथे थांबले. पुढचं अर्धं नाक क्लेगबाईंचं! न विचारता धुवावं तर शेजाऱ्याच्या मालमत्तेला हात लावल्यासारखं. विचारावं तर 'तुमची बाजू घाण आहे' असं तोंडावर सांगितल्यासारखं. साहेबांनी सभ्य माणसाने करावं तेच केलं. नाकाच्या मध्यावर ब्रश थांबवून खाली उतरले. त्या दिवसापासून सासूबाईंचा एक गाल दुधासारखा आणि एक तव्यासारखा. दूधवाला रोज हसायला लागला. साहेब मात्र आपण शेजारधर्म पाळला या समाधानात.

जूनमधे एका मंगळवारी गिटिन्सबाईने चहाची किटली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "शेजारचं घर विकायला निघालंय. क्लेगबाई चालल्या बोर्नमथला, समुद्रकाठी, भाचीकडे. तिथे बंगला आहे म्हणे, जिना नाही काही नाही."

साहेबांनी दूध कपाऐवजी बशीत ओतलं. "असं का? अगदी... अगदी छान हवा असते तिकडे."

"हवा चुलीत घाला! तो व्हायोलिन शिकवणारा बघून गेला घर. सोमवारी येतोय पक्कं करायला. वीस पोरं येतील रोज कुईकुई करायला. तुम्ही काही बोलणार की नाही?"

"मी काय बोलणार? त्यांचा खाजगी प्रश्न आहे."

"भीड भिकेची बहीण, साहेब," गिटिन्सबाई म्हणाली आणि पुसायचं फडकं त्यांच्या नाकासमोर झटकून निघून गेली.

त्या आठवड्यात थ्रपसाहेबांची झोप उडाली. व्हायोलिनची त्यांना भीती नव्हती. पण पलीकडच्या स्वयंपाकघरात आता भजन नसणार, कुंपणापलीकडे 'दुपारी पडणार बघा' नसणार, हा विचार आला की त्यांना जेवण जाईना. क्लेगबाईंनी जाऊ नये. बस्स, एवढंच त्यांना हवं होतं. आयुष्यात एवढ्या जोराने त्यांना दुसरं काही हवंसं वाटलं नव्हतं, आणि ते मागायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दुकानात तर गिऱ्हाईक मागतं आणि आपण देतो.

रविवारी दुपारी ते कोट घालून, टाय बांधून, हातात हॅट घेऊन निघाले. आपल्या दारातून क्लेगबाईंच्या दारात जायला हात लांब केला तरी पुरला असता. साहेबांना तेवढ्यात दोनदा परत फिरावं लागलं, एकदा रुमाल राहिला म्हणून आणि एकदा धीर राहिला म्हणून. अखेर सासूबाईंच्या काळ्या डोळ्याखाली उभं राहून त्यांनी घंटा ओढली.

"मिस्टर थ्रप!" क्लेगबाईंनी दार उघडलं आणि समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. "काय झालं? आग लागली का?"

"नाही नाही. मी आपला... इकडून जात होतो."

"कुठे?"

बाईंनीच त्यांना आत घेतलं. चहा झाला, ओव्याच्या वासाचा केक झाला. साहेब खुर्चीच्या कडेवर बसून खोली बघत होते. त्यांचीच खोली, पण आरशातली. शेकोटी भलत्याच भिंतीला, खिडकी भलत्याच हाताला. चहा ठेवायला हात लांबवला तर टेबल दुसरीकडेच. आपलं डोकं ठिकाणावर नाही असं त्यांना वाटायला लागलं.

"मग, बोर्नमथ," साहेब म्हणाले.

"हो, बोर्नमथ," बाई म्हणाल्या, आणि वाट बघत राहिल्या.

आता, साहेबांनी मनाशी म्हटलं. आता बोल. त्यांनी घसा खाकरला, हॅट या मांडीवरून त्या मांडीवर घेतली आणि म्हणाले, "तुमच्या बागेतल्या गुलाबांमुळे घराला किंमत चांगली येईल."

ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात. थ्रपसाहेब तर भांडं लपवून वर दुसऱ्याला ताक विकायला मदत करत होते.

"तुम्हाला तसं वाटतं?" बाईंचा आवाज एकदम साध्या माणसाएवढा झाला.

"नक्कीच. आणि तो व्हायोलिनवाला सद्गृहस्थ दिसतो." एवढं बोलून साहेबांना स्वतःचा असा काही राग आला की ते ताडकन उठले. "बरं, निघतो मी. बसा, बसा, उठू नका. वाट मला ठाऊक आहे." घरही तेच, वाटही तीच! लवून नमस्कार केला, खोलीबाहेर पडले, रोजच्यासारखे डावीकडे वळले, पितळी मूठ फिरवली, आत पाऊल टाकलं आणि गार वारा आत जायला नको म्हणून दार आपल्यामागे नीट ओढून घेतलं.

अंधार होता. बाहेरच्या दाराआधीच्या छोट्या देवडीत अंधार असतोच, त्यांच्याकडेही असे. बाहेरच्या दाराची मूठ धरायला त्यांनी हात पुढे केला. हातात ओला मॉप आला.

बटणवाल्या टनिक्लिफने सगळी दारं बटणांसारखीच एका साच्यातून काढली होती, मुठी घाऊक आणल्या होत्या. साहेबांच्या घरात डावीकडे देवडी होती. इथे डावीकडे जिन्याखालची कोठी होती.

आता दुसरा कुणी माणूस असता तर हसत बाहेर आला असता, 'चुकलो बुवा' म्हणाला असता. पण दोन सेकंद होऊन गेले होते. आणि एकदा दोन सेकंद होऊन गेले की सभ्य माणसाला मॉपच्या कोठीतून बाहेर येण्याचा रस्ताच उरत नाही. बाहेर पडावं तर 'इतका वेळ आत काय करत होता?' आत राहावं तर कुठपर्यंत? सोमवारपर्यंत? साहेब इकडे आड, तिकडे विहीर अशा अवस्थेत मॉप धरून उभे राहिले.

बाहेर क्लेगबाईंनी सगळं पाहिलं होतं. त्यांनीही आमच्या रीतीला धरून जे करायचं ते केलं. 'मिस्टर थ्रप, ती कोठी आहे' असं म्हणून त्यांनी पाहुण्याला लाजवलं नाही. त्या पाय आपटत स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ पूर्ण सोडून कपबशा धुवायला लागल्या. इतक्या मोठ्याने की ऐकणाऱ्याला कळावं: मी इकडे आहे, माझी तिकडे पाठ आहे, आता गुपचूप निघून जा, मी काहीही पाहिलेलं नाही.

साहेबांना ते कळलं. मन भरून आलं. त्यांनी दाराच्या मुठीवर हात ठेवला. इतक्यात त्यांच्या कानी आलं, "...आणि हा चेंडू सीमापार!" अगदी शेजारी बसून कुणी सांगावं इतकं स्पष्ट. त्यांचाच रेडिओ होता, निघताना बंद करायचा राहिलेला. टनिक्लिफच्या जाड भिंतीने इथे, जिन्याखाली, कंजूषपणा केला होता. कोण बघतंय म्हणून गवंड्याने विटांचा एकच पातळ थर लावून काम उरकलं असणार.

जिन्याच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत येत होती. डोळे सरावल्यावर साहेबांना भिंतीलगत एक बुटकं स्टूल दिसलं. झाडू, बादल्या, कोळशाचं घमेलं, सगळं बाजूला सारून त्याला जागा केलेली. स्टुलावर विणलेली उशी होती, बसून बसून मधे दबलेली. मॉपच्या कोठीत कुणी उगीच उशी ठेवून बसत नाही. साहेब त्या उशीकडे बघत राहिले. पलीकडे दुसरा चेंडूही सीमापार गेला, तो त्यांना ऐकूसुद्धा आला नाही.

बाहेर दार मोकळं होतं. नळ अजून वाहत होता. निघून गेले असते तर इभ्रतीला धक्का लागला नसता, आणि सोमवारी घर विकलं गेलं असतं.

थ्रपसाहेबांनी मुठीवरचा हात काढला. ते त्या स्टुलावर बसले. गुडघे हनुवटीला लागले. दुपारी चार वाजता, लख्ख उन्हात, ते जन्मात बोलले नव्हते एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले, "गुड नाइट, मिस क्लेग."

नळ बंद झाला. एक बशी फुटल्याचा आवाज आला. मग पावलं वाजली आणि कोठीच्या दारापाशी थांबली.

"मार्चपासून का बंद केलंत?" दाराबाहेरून क्लेगबाई म्हणाल्या.

"बंद नाही केलं. बूट मागच्या दारी गेले. गिटिन्सबाईंनी... चिखलामुळे."

"बूट?" आता मात्र तलावावरचा आवाज आला. कोठीतल्या बादल्या झणझणल्या. "बुटांपायी? आणि मी मेली समजले की तुमचं काही बिनसलं! वर तिकडे नाकापर्यंत रेघ मारून ठेवलीत, ही तुझी बाजू, ही माझी बाजू!"

"तुमची बाजू घाण आहे असं वाटायला नको म्हणून सोडली होती."

"घाणच आहे ती! शंभर वर्षांची काजळी आहे! धुवायची ना सगळी, नेभळट माणसा!"

साहेबांना आयुष्यात कुणी इतकं गोड काही बोललं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "पण तुम्ही ऐकत होतात, तर कधी उत्तर नाही दिलंत?"

"रोज देत होते."

"मला नाही आलं ऐकू."

"हळू म्हणत होते."

"तुम्ही? हळू?" साहेब न राहवून बोलून गेले.

"येतं मला हळू बोलायला," बाई फणकारल्या. मग दाराला कपाळ टेकवल्यासारखा आवाज झाला, आणि त्या लाकडापलीकडून, पाण्यावरून वारा जावा इतक्या हळू, शब्द आले, "गुड नाइट, मिस्टर थ्रप."

दार उघडलं. स्टूल इतकं बुटकं होतं की साहेबांना उठता येईना. क्लेगबाईंनी हात पुढे केला. साहेबांनी तो धरला, आणि धरल्याबरोबर त्यांना कळलं की हा हात साडेसहाचा नाही, चांगला सातचा आहे. जन्मभराचा धंदा, आणि नेमक्या याच हाताचा नंबर चुकला होता. उठून उभे राहिल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. "जाऊ नका," ते म्हणाले. एवढंच बोलायला ते आले होते.

"मग हे केक खाण्याआधी बोलायचं होतंत," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, बोर्नमथला पोचवायला आलात."

सोमवारी व्हायोलिनवाला आल्या पावली परत गेला. मंगळवारी शिडी पुन्हा लागली. साहेब वर, हातात ब्रश. बाई खाली शिडी धरून. "खांद्यातून हात फिरवा! श्वास सोडा! घाबरू नका, बुडत नाही तुम्ही!" संध्याकाळपर्यंत सासूबाईंचे दोन्ही गाल एकसारखे झाले. गिटिन्सबाईने बूट पुन्हा कोठीत आलेले पाहिले, तोंड उघडलं, आणि मिटलं. चिखलाबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही.

भिंत मात्र कुणी फोडली नाही. जुनं घर आहे, तसलं काही करायला परवानगी मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी मागितलीही नाही. दुपारचा चहा या अर्ध्यात की त्या अर्ध्यात हे हवेवर ठरतं. रात्री साहेब बुटांना पॉलिश करून कोठीत ठेवतात आणि नेहमीच्या आवाजात म्हणतात, "गुड नाइट, मिस क्लेग."

पलीकडून लगेच उत्तर येतं. बाई आता हळू बोलत नाहीत. "गुड नाइट, मिस्टर थ्रप!" ऐकू आलं की आमची गल्ली दिवे मालवते.